रस्त्यापलीकडचं अंगण

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. राग माझ्या पगारातच धरलेला होता, असं आमचे हे म्हणतात. त्यातही कॉपी म्हटलं की माझं डोकं सणकतं. शेजाऱ्याच्या पाटीत डोकावणारं पोर मी वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखायची आणि कान धरून व्हरांड्यात उभं करायची. निवृत्त झाले तरी नजर काही निवृत्त झाली नाही, अशी माझी समजूत होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात सगळ्यात जास्त फजिती या नजरेचीच झाली.

आमचं गाव नागभीडपासून फार लांब नाही. वारा त्या बाजूचा असला की जंक्शनवरच्या गाडीची शिटी ऐकू येते. चहूकडे धानाच्या बांध्या, मग बोडी, म्हणजे आमचं छोटं तळं, आणि त्याच्या पलीकडे जंगल सुरू. गावाच्या दोन टोल्या. आम्ही वरच्या टोलीत, आणि रस्त्याच्या पलीकडे खालची टोली. रस्ता म्हणजे तरी केवढा? बैलबंडी आली तर शेळीला कोणाच्या तरी अंगणात शिरावं लागतं, एवढा. त्या रस्त्यापलीकडे, आमच्या दाराच्या अगदी समोर, माझ्या मोठ्या जावेचं घर आहे. भाऊ भाऊ वेगळे निघाले तेव्हा शेताचे वाटे झाले, भांड्यांचे झाले, पण भाजीची वाटी कोणी वाटून घेतली नाही. ती रोज रस्ता ओलांडते. इकडून जाताना तिच्यात माझी पातळ भाजी असते आणि तिकडून येताना जावेच्या हातचं लाखोळीचं वरण. मी या व्यवहारात कायम फायद्यात राहिले आहे.

जावेला मी बाई म्हणते आणि ती मला लहानी म्हणते. माझं डोकं पांढरं झालं तरी मी लहानीच. बाई पंचाहत्तरीच्या पुढची असेल, नक्की किती ते तिलाही ठाऊक नाही. तिच्यासारखी रोवणारीण आमच्या भागात दुसरी नव्हती. हे मी जाऊ म्हणून कौतुकानं नाही, जळून सांगते. धानाचा रोवणा उलटा चालतो. बाया ओळीनं वाकून उभ्या राहतात, डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, उजव्या हातानं चिखलात रोप खोचायचं आणि एकेक पाऊल मागे सरायचं. मागे वळून पाहायचं नाही. समोर हिरवी ओळ वाढत जाते आणि आपण मागे मागे जात राहतो. मी शाळेला सुटी असली की बाईच्या शेजारी उभी राहायची, आणि बाई स्वतःची ओळ लावता लावता माझी ओळ नीट करत जायची. “पोराइले फळ्यावर सरळ रेघ मारून देते, अन् इथी सापावानी वाकडी लावते व!” सगळ्या बायांसमोर म्हणायची. मी मास्तरीण, पण तिथे मला उलट बोलायची सोय नव्हती.

रोवणा संपतो त्या दिवशी शेवटच्या बांधीत आमच्या गावात धिंगाणा असतो. शेवटची पेंढी वयानं सगळ्यात मोठ्या बाईनं लावायची, आणि ती लावली की चिखलफेक सुरू. मग मालक असो, सरपंच असो की कोणाचा जावई असो, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा असलेला एकही माणूस कोरडा घरी जात नाही. ती शेवटची पेंढी कित्येक वर्षं आमच्या बाईच्या हातची.

मग मागच्या दिवाळीच्या सुमारास बाई बोरिंगजवळच्या ओल्या दगडांवर घसरून पडली. पुतण्यानं नागभीडला नेऊन फोटो काढला. हाड शाबूत होतं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, पण बाईचा काही पडला नाही. हाड राहिलं आणि हिंमत मोडली. अंगणात बाज टाकली आणि बाई तिच्यावर बसली ती बसलीच. न्हाणीपर्यंत जायचं तर एक हात भिंतीला आणि दुसरा सुनेच्या खांद्याला. पुतण्या जीव लावणारा आहे, पण त्याचा जीव लावणं म्हणजे, “आई, तू काऊन उठून राह्यली? बस नं बापा बाजेवर. काय पायजे ते सांग.” तो सगळं हातात आणून द्यायचा आणि बाईचे पाय दिवसेंदिवस काड्यांसारखे होत चालले. मला ते बघवत नसे.

एक दिवस तिनं माझं मनगट धरलं. “लहानी, औंदाच्या रोवण्यात मी शेवटच्या बांधीत उतरीन. नाई उतरली, त समजून घेजो का मी या बाजेवरच सरली.”

“असं अभद्र काऊन बोलता, बाई?” मी खेकसले. मला खेकसण्याशिवाय काही सुचलंच नाही. घरी येऊन मी चुलीपुढे बसून रडले.

धान कापून झाले, मळणी आटोपली आणि गावात एक डॉक्टरीण आली. भद्रावतीची, फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेली, बोलणं आमच्यासारखंच, त्यामुळे म्हाताऱ्यांना ती लगेच आवडली. म्हातारी माणसं पडतात ती का, आणि पडू नयेत म्हणून बाज आणि भिंत एवढ्याच सामानावर घरच्या घरी काय करता येईल, यावर तिचं संशोधन होतं. “शहरातल्या म्हाताऱ्यांचे पाय खूप लोकांनी तपासले,” ती ग्रामसभेत म्हणाली. “चिखलात जन्म काढलेले पाय मला तपासायचे आहेत.” मला ते वाक्य इतकं आवडलं की मी टाळी वाजवली. एकटीनंच.

मग तिनं पुढचं सांगितलं. एका टोलीला यंदा व्यायाम शिकवायचा आणि दुसऱ्या टोलीला पुढच्या वर्षी. डोळे तपासणं, रक्तदाब, गोळ्या हे दोन्ही टोल्यांना सारखं. मधल्या काळात कोण किती सुधारलं ते मोजायचं. कोणती टोली ते चिठ्ठी टाकून ठरेल. सरपंचबाईनं चिठ्ठी उचलली आणि निघाली वरची टोली. आमची.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “वा गं वा! पडली ती खालच्या टोलीतली, आणि व्यायाम आम्हाला? हा कुठला न्याय?”

ती चिडली नाही. म्हणाली, “मॅडम, कृषी खात्याचे लोक धानाचं नवं बियाणं आणतात, तेव्हा काय करतात?”

काय करतात ते मीच चौथीच्या वर्गाला दरवर्षी शिकवलं होतं. एका बांधीत नवं बियाणं, शेजारच्या बांधीत जुनं. पाऊस तोच, माती तीच. मग कळतं की पीक बियाण्यानं आलं की पावसानं. पोरीनं मला माझाच धडा म्हणून दाखवला. तरी मी म्हटलं, “माणसं म्हणजे धान नव्हे.”

“नाहीच मुळी. म्हणून तर पुढच्या वर्षी त्यांनाही शिकवायचं आहे. पण याचा खरोखर उपयोग होतो की नाही, हे कळल्याशिवाय मी दुसऱ्या गावांना काय सांगू? मला एवढाच शब्द द्या, इकडचा व्यायाम तिकडे कोणी शिकवणार नाही.”

मी शब्द दिला. भर सभेत दिला, आणि वर आमच्या टोलीकडे वळून वर्गातल्या आवाजात दमही भरला, “कोणी शिकवला तर माझ्याशी गाठ आहे!” माझ्या हाताखाली शिकलेले अर्धे लोक तिथे आजोबा होऊन बसले होते. त्यांनी माना खाली घातल्या.

व्यायाम सुरू होण्याआधी सगळ्यांची पहिली मोजणी झाली, शाळेत. बाई पुतण्याच्या हाताला धरून आली. खुर्चीवरून हात न टेकता उठा म्हटलं, तर ती नुसती पुढे झुकली आणि परत मागे बसली. एका पायावर उभं राहायचं तर तिनं पायच उचलला नाही. जमिनीवर मारलेल्या रेघेवरून चाला म्हटलं, तेव्हा रेघेकडे बघून तिला घाम फुटला. डॉक्टरणीनं पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आमचे वर्ग सुरू झाले. बोडीवर वाघाची ये-जा असते, म्हणून उन्ह चांगलं वर आल्यावर, आमच्या घराशेजारच्या देवळासमोरच्या चौकात. पंधरा-वीस म्हातारे-म्हाताऱ्या भिंतीला हात लावून टाचा उचलतायत, आपापल्या घरून आणलेल्या बाजेवरून हात छातीशी धरून उठतायत, बसतायत, आणि कुत्री लांब बसून हे काय चाललंय ते पाहतायत. एका पायावर उभं राहायच्या वेळी आमचे हे धोतर सावरत बगळ्यासारखे डुलायचे आणि म्हणायचे, “मासा दिसला का सांगा गा कोनी!” हसता हसता अर्धी रांग कोलमडायची. डॉक्टरीण ओरडायची, मी तिच्याहून मोठ्यानं ओरडायची. पण महिन्याभरात मला स्वतःलाच कळायला लागलं. पायरी चढताना गुडघ्याला हात लावावा लागेना. सकाळी उठले की चालावंसं वाटायचं. या वयात शरीर आपलं ऐकायला लागतं, याचा आनंद काय असतो ते मी सांगू शकत नाही. न्हाणीत मी एकटीच हसायची.

आणि समोर, रस्त्यापलीकडच्या अंगणात, बाई बाजेवर बसलेली असायची.

एका दुपारी मी वाटी घेऊन गेले, तेव्हा तिनं सरळ विचारलं, “काय शिकवून राह्यली व ती पोरगी तुमाले? मले बी सांग नं.”

“नाई सांगता येत, बाई. मी शब्द देला आहे.”

“अवो, सोन्याचा हंडा सापडला का तुमाले? टाच उचलाची का बोटं, एवढं सांगाले तुयं काय जाते?”

“पुढच्या वर्षी तुमालेच शिकवनार आहे ते.”

“पुढच्या वर्षी!” बाई म्हणाली. “मायं पुढचं वर्ष तू पाह्यलं का?” आणि तिनं तोंड फिरवलं.

मी तशीच परत आले. त्या संध्याकाळी वरणाची वाटी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझी भाजी गेली, ती सुनेनं ठेवून घेतली आणि वाटी रिकामी परत आली. आमच्याकडे रिकामी वाटी परत पाठवणं म्हणजे तोंडावर दार लावण्यासारखं आहे. बाईनं माझ्याशी अबोला धरला, आणि धरला तोही चांगला रोवण्याच्या तोंडापर्यंत. किती वेळा वाटलं, गेला खड्ड्यात तो शब्द, जावं आणि शिकवावं. पण जन्मभर पोरांना ज्याच्यासाठी व्हरांड्यात उभं केलं तेच आपण करायचं? मी दात-ओठ खाऊन गप्प बसले. डॉक्टरीण भेटली की तिच्यावर राग काढायची. तिला त्याची सवय झाली होती.

या दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. सकाळी आमचा वर्ग चालू असला की बाईच्या अंगणात खालच्या टोलीतल्या म्हाताऱ्या जमायच्या. लाखोळी पाखडायला, मोहफुलं निवडायला, कधी नुसत्याच. सगळ्यांची तोंडं चौकाकडे. मला वाटायचं, माझीच निंदा चाललीय. आमच्या माना वळल्या की त्या टोपल्यात डोकं घालायच्या. बाईच्या अंगणातलं सारवण एका पट्ट्यात सारखं उखडायचं आणि सून कुरकुरायची. मी म्हणायची, “बकऱ्या बांधा नीट.” बघा, अशी माझी नजर.

रोवण्याच्या आधी दुसरी मोजणी ठरली. आमच्या टोलीची आदल्या दिवशी झाली आणि सगळे पास. डॉक्टरीण खुशीत होती. दुसऱ्या दिवशी खालची टोली. मदतीला म्हणून तिनं मला बोलावलं. मी खुर्चीशेजारी उभी राहिले, परीक्षेच्या दिवशी राहायची तशी.

पहिली म्हातारी आली, खुर्चीवर बसली, कोणी काही सांगायच्या आत दोन्ही हात छातीशी धरले आणि ताडकन उठली. बसली. परत उठली. डॉक्टरणीनं हसून शाबासकी दिली. दुसरी आली, तिनंही तेच. तिसरा एक म्हातारा, तो तर एका पायावर उभा राहून आमच्याकडे विजयानं बघायला लागला. चौथ्या-पाचव्या माणसानंतर डॉक्टरणीचं हसू मावळत गेलं. जुनं बियाणं पेरलेली बांधी नव्या बियाण्यासारखीच डोलत होती.

आणि मग दारात बाई. पुतण्या मागे होता, पण त्याचे दोन्ही हात मोकळे होते आणि चेहरा भांबावलेला. बाईनं एका हातानं दाराची चौकट नुसती शिवली, जशी देवळाची पायरी शिवतात, आणि आत आली. खुर्चीवर बसली. हात छातीशी घेतले. ती उठली, बसली, उठली, बसली, मग रेघेवरून चालून आली, आणि शेवटी उभीच राहून म्हणाली, “झालं का, अजून पायजे?”

मला इतका आनंद झाला की मी कोण, कुठे, कशाला उभी आहे, सगळं विसरले. तेवढ्यात दिसलं, डॉक्टरीण माझ्याकडे बघतेय.

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही शिकवलंत?”

मी? मी!! माझ्या तोंडातून शब्द फुटेना. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

फुटले ते बाईचे. “ए पोरी, तिच्यावर आळ नको घेऊ. तिनं मले शिकवलं? तिनं त मले कोरडं वापस पाठवलं! मी हात जोडले तरी तोंड नाई उघडलं तिनं. इतके दिवस मी बोलली नाई तिच्यासंगं, तरी नाई उघडलं. अशी टणक बाई सगळ्या जिल्ह्यात नाई भेटनार तुले.” ती तक्रार करत होती की कौतुक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण कितीतरी दिवसांनी ती माझ्याविषयी बोलत होती, आणि माझे डोळे भरून आले.

“मग कोणी शिकवलं?”

“कोनी कायले शिकवते? तुमी चौकात करता, आमाले डोळे नाई का? तुमी घरी गेल्या का आमी करो.”

म्हणजे कॉपी! आख्ख्या टोलीनं, माझ्या डोळ्यांदेखत, रोज सकाळी कॉपी केली होती, आणि मी चौकात त्यांच्याकडे पाठ करून टाचा उचलत होते. खिडकीबाहेर खालच्या टोलीचे म्हातारे दात नसलेल्या तोंडांनी खदाखदा हसत होते. त्यांतले दोघं माझे विद्यार्थी. मला राग यायला हवा होता. मी तो शोधला, खरंच शोधला, पण सापडला नाही. मी त्यांच्यात सामील होऊन हसायला लागले.

डॉक्टरीण मात्र शाळेच्या पायरीवर डोकं धरून बसली होती. अर्ध्या वर्षाची मेहनत. आता कोणाची तुलना कोणाशी करायची? मी तिच्याजवळ बसले. पहिल्यांदाच तिच्यावर ओरडावंसं वाटलं नाही. पाच मिनिटांनी तिनं डोकं वर केलं आणि विचारलं, “आजी, पण रेघेवरून चालणं कसं जमवलंत? तुम्हाला तर घाम फुटला होता.”

“ते नाई जमे,” बाई म्हणाली. “पुढं पाहून पाऊल टाकलं का मले बोरिंगचे ओले दगडच दिसत. पाय उचलेच ना. मंग म्हटलं, मांगं सरून पाहू.”

आणि तिनं करून दाखवलं. शाळेच्या व्हरांड्यात. दोन्हीकडे दोन म्हाताऱ्या उभ्या केल्या, रोवण्याच्या ओळीसारख्या, आणि बाई मागे सरायला लागली. एक पाऊल, दुसरं पाऊल. पाठ ताठ, नजर समोर, पाय न चाचपता बरोबर पडत होते. “मांगं पाऊल टाकलं का मले बांधी दिसे,” ती चालता चालता म्हणाली. “हिरवीगार. मंग कायचा भेव?” तिच्या अंगणातलं सारवण पट्ट्यात उखडायचं ते या उलट्या चालीनं. आधी उलटं चालून चालून पायांना विश्वास आला, आणि मग एका दिवशी ती सुलटीही चालली. सुनेला दम भरून ठेवला होता, पोराला सांगायचं नाही म्हणून.

डॉक्टरीण उठून उभी राहिली. तिचे डोळे चमकत होते. तिनं बाईला परत चालायला लावलं, मग सुलटं, मग परत उलटं. कोण बाजूला होतं, पहिल्या दिवशी कशाला धरलं होतं, कधी तोल गेला का, सगळं विचारून घेतलं. मग तिच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. फोन लांबला. परत आली तेव्हा ती हसत होती. “सर म्हणाले, जे झालं ते जसंच्या तसं लिही. एका रस्त्याच्या दोन बाजू वेगळ्या ठेवता येत नाहीत, ही चूक आपली. पुढच्या वेळी गावंच वेगळी घ्यायची, मध्ये जंगल असलेली.”

“जंगलातून बी येतीन आमच्या बाया पाहाले,” बाई म्हणाली.

“आणि ही उलटी चाल,” डॉक्टरीण म्हणाली, “ही तुमच्यापुरती खरी आहे की रोवणा केलेल्या सगळ्याच बायांना जमेल, ते वेगळं तपासावं लागेल. एका अंगणावरून मी दुनियेला सांगू शकत नाही. तोवर मागे कोणी उभं असल्याशिवाय एकटीनं करायचं नाही. हे मी सगळ्यांना सांगतेय!”

“तपास नं माय,” बाई म्हणाली. “मी कुठी पळून चालली?”

त्या संध्याकाळी सून रस्ता ओलांडून आली. वाटीत लाखोळीचं वरण होतं, वरून लसणाची फोडणी. मी उभ्याउभ्याच खाल्लं, भाकरीसुद्धा न घेता.

रोवणा लागला आणि पाहता पाहता सरत आला. शेवटच्या दिवशी पुतण्यानं एकदा अडवून पाहिलं. “आई, घसरली त?” बाईनं नुसतं लुगडं वर खोचलं. डॉक्टरीण मुद्दाम आली होती, तिच्या अटी घेऊन. धुऱ्यापर्यंत काठी, दोन्ही बाजूंना माणूस, आणि फक्त शेवटची पेंढी, त्याहून जास्त वाकायचं नाही. बाईनं सगळ्याला मान डोलावली. मला तिचं मान डोलावणं ठाऊक आहे, म्हणून मी जवळच राहिले.

धुऱ्यावर येऊन बाई थांबली. धुरा अरुंद, रात्रीच्या पावसानं बुळबुळीत झालेला. मी तिचा हात धरला होता, तो एकदम गार पडला. तिला काय दिसत होतं ते मला कळलं. बांधीतल्या बाया गाणं थांबवून बघायला लागल्या. पुतण्या म्हणाला, “चाल, घरी जाऊ,” आणि मला वाटलं, संपलं.

बाईनं काठी त्याच्या हातात दिली. मग सावकाश फिरली, धुऱ्याकडे पाठ केली, माझे दोन्ही हात धरले आणि माझ्या तोंडाकडे पाहत एक पाऊल मागे टाकलं. पुतण्या तिच्या मागे हात पसरून, आणि मी पुढे, असे आम्ही तो धुरा ओलांडला. बांधीतून असा काही कल्ला उठला की बोडीवरचे पक्षी उडाले. बाईचे पाय चिखलात गेले, पोटऱ्यांपर्यंत, आणि तिचा चेहरा! मी तो चेहरा दिवाळीपासून पाहिला नव्हता.

पेंढी तिच्या हातात दिली. ती वाकली, पहिलं रोप खोचलं आणि गाणं उचललं. आवाज चिरका होता, पण सूर तिचाच. सगळ्या बायांनी मागून उचललं. रोप, पाऊल मागे, रोप, पाऊल मागे. मी तिच्या शेजारी, जुन्या सवयीनं वाकडी ओळ लावत होते आणि तिच्याकडेच बघत होते, त्यामुळे माझं स्वतःच्या पायांकडे लक्ष राहिलं नाही. शेवटचं रोप तिनं लावलं, बाया ओरडल्या, आणि मी पाय काढायला गेले तो चिखलानं सोडलाच नाही. धपकन बसले. अर्धं वर्ष टाचा उचललेली, एका पायावर उभी राहिलेली मी, चिखलात कमरेपर्यंत बसलेली! धुऱ्यावर आमचे हे आणि डॉक्टरीण पोट धरून हसत होते.

बाई माझ्यापुढे उभी राहिली. तिनं पाय रोवले आणि हात पुढे केला. “ऊठ व लहानी. व्यायाम शिकली कोन, अन् पडली कोन!”

दिवाळीनंतर किती दिवस त्या हातानं भिंत सोडली नव्हती. आता तो चिखलानं माखलेला, माझ्यासमोर, काही न धरता उभा होता. मी तो धरला. बाईनं ओढलं, आणि तिच्या ओढण्यात जोर होता, खराखुरा जोर. मी एका झटक्यात उठू शकले असते. पण मी उगाच थोडी जड होऊन बसून राहिले, तिनं आणखी जोरानं ओढावं म्हणून.